पेकहॅमचे कुटुंबकेंद्र : सभासद-कुटुंबांच्या अनुभवाचे स्वरूप

सार्वजनिक करमणूककेंद्राचे मूल्यमापन करावयाचे झाले म्हणजे प्रथम तेथील सोयींची यादी केली जाते, मग उपस्थितीचे आकडे दिले जातात आणि शेवटी खर्चाचा हिशेब मांडला जातो. ह्या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत ह्यात शंका नाही. पण त्या केंद्राच्या बाजूने पाहिलेल्या आहेत. ज्या कुटुंबाने त्या केंद्रात पाऊल टाकले त्याच्या नित्याच्या जीवनात कोणता पालट झाला, पती-पत्नी, मातापिता आणि मुले ह्यांचे परस्परसंबंध तेथे घालविलेल्या वेळामुळे कसे बदलले, हा प्रश्न अशा आकड्यांनी सुटत नाही. हा प्रश्न हाताळण्यास उपयोगी पडेल अशी सामग्री फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे. लंडनच्या आग्नेय भागातील पेकहॅम ह्या वस्तीत १९२६ ते १९५० ह्या कालखंडात, मधले खंड वगळता, चाललेले ‘पायोनिअर हेल्थ सेंटर’ हे त्यांपैकी एक होय. नावावरून ते आरोग्यकेंद्र वाटते. प्रत्यक्षात तेथे येणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने ते पोहण्याचे, खेळण्याचे, नाचण्याचे आणि गप्पा मारण्याचे ठिकाण होते. आणि ह्या दोन दृष्टींमधील अंतर हाच त्या प्रयोगाचा सर्वांत बोधप्रद भाग आहे.

प्रयोगाचे जनक जॉर्ज स्कॉट विल्यमसन (१८८४-१९५३) आणि इनिस होप पिअर्स (१८८९-१९७८) हे दोघेही वैद्यक व्यवसायातील होते. वैद्यकशास्त्राने रोगाचे ज्ञान पुष्कळ जमविले असले तरी निरोगी माणूस कसा वाढतो, कसा वागतो, ह्याविषयी त्याला फारसे सांगता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. कारण उघड आहे : निरोगी माणूस वैद्याच्या दारी येतच नाही. त्याला पाहावयाचे असेल तर ज्या ठिकाणी तो आपण होऊन, आनंदाने येईल असे ठिकाण निर्माण करावयास हवे. ह्या विचाराने १९२६ साली त्यांनी पेकहॅममधील क्वीन्स रोडवर एक लहानसे घर घेतले. तपासणीची खोली आणि बसण्याउठण्यासाठी क्लबची एक छोटी खोली एवढाच त्याचा पसारा होता. सभासदत्व सबंध कुटुंबाने घ्यावयाचे आणि कुटुंबातील प्रत्येकाने ठराविक काळाने आपली वैद्यकीय तपासणी करून घ्यावयाची, ह्या दोन अटी तेव्हाच घालण्यात आल्या. तीन वर्षांत ११२ कुटुंबे सभासद झाली.

ह्या पहिल्या टप्प्याचे फलित निराशाजनक होते. पण त्या निराशेतूनच पुढील केंद्राची कल्पना निघाली. तपासणीत दोष सापडे, तो दूर करण्याची व्यवस्था होई, आणि काही काळाने तीच व्यक्ती पुन्हा तशाच स्थितीत परत येई. ज्या कोंडलेल्या, एकसुरी, एकाकी जीवनात तो दोष उत्पन्न झाला होता त्याच जीवनात ती परत गेलेली असे. तेव्हा नुसती तपासणी पुरी नाही. कुटुंबाला वावरण्यास, काहीतरी करण्यास आणि इतर कुटुंबांना भेटण्यास जागा पाहिजे, असा निष्कर्ष विल्यमसन आणि पिअर्स ह्यांनी काढला. १९२९ साली ते घर बंद करण्यात आले. पुढली काही वर्षे निधी उभा करण्यात गेली आणि १९३५ साली सेंट मेरीज रोडवर नवी, खास ह्या कामासाठी बांधलेली इमारत उघडली.

पेकहॅमची निवड हेतुतः केलेली होती. तेथील वस्ती अगदी दरिद्री नव्हती आणि सधनही नव्हती. कुशल कारागीर, कारकून, लहान दुकानदार अशा लोकांची ती वस्ती होती. बहुतेकांना काम होते, नियमित वेतन होते. दारिद्र्य हेच ज्यांच्या दुःखाचे एकमेव कारण म्हणून पुढे करता येणार नाही अशा लोकांचे जीवन पाहावयाचे होते. पिअर्स आणि ल्यूसी क्रॉकर ह्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाच्या वृत्तांतात ह्या लोकांच्या एकाकीपणाचे जे वर्णन आहे ते भारतीय वाचकास काहीसे अपरिचित वाटेल. लग्न होताच तरुण जोडपे आईवडिलांपासून निघून भाड्याच्या दोन खोल्यांत राहावयास जाई. दोघेही नोकरी करीत तोवर त्यांचा थोडाफार गोतावळा असे. पहिले मूल होताच पत्नीची नोकरी सुटे आणि तिच्या ओळखीही सुटत. पती संध्याकाळी थकून येई. शेजारी कोण राहतो हे ठाऊक असे, पण त्याच्याकडे जाणेयेणे नसे. मुंबईच्या चाळीत गॅलरीत उभे राहिलेल्या बाईला चार घरांची हालहवाल न विचारता कळते आणि ते कळणे तिला कधीकधी नकोसेही होते. पेकहॅमच्या विटांच्या घरांत गॅलरी नव्हती. तरुण मातेचा संबंध दिवस तान्ह्या मुलाखेरीज दुसऱ्या कोणाचे तोंड न पाहता जाई.

नव्या इमारतीची रचना हे त्या एकाकीपणाला दिलेले उत्तर होते. आराखडा ओवेन विल्यम्स ह्या स्थापत्य-अभियंत्याचा. तीन मजली, काँक्रीटच्या खांबांवर तोललेली आणि जेथे शक्य तेथे भिंतीऐवजी काच वापरलेली अशी ही वास्तू होती. मध्यभागी पोहण्याचा मोठा तलाव, वर काचेचे छप्पर. त्याच्या भोवती उपाहारगृह, बसण्याची लांब दालने, व्यायामशाळा, नाट्यगृह, लहान मुलांसाठी शिशुगृह. वरच्या मजल्यावर तपासणीच्या खोल्या आणि प्रयोगशाळा. उपाहारगृहात चहा घेत बसलेल्या माणसास काचेतून तलावातील पोहणारे दिसत. जिना उतरताना व्यायामशाळेत काय चालले आहे ते दिसे. शोभेसाठी किंवा प्रकाशासाठी काच वापरणे ही त्या काळातील आधुनिक वास्तुकलेची सर्वसामान्य प्रथाच होती. येथे मात्र काचेला निराळे कार्य नेमून दिलेले होते. पाहणे आणि पाहिले जाणे हे केंद्रातील सर्व व्यवहाराचे मूळ ठरावे, हा तिचा हेतू. उपाहारगृहातही वाढपी ठेवलेले नव्हते. प्रत्येकाने उठून आपले ताट आपण आणावयाचे होते. ह्यात खर्चाची बचत होत असेल, पण संस्थापकांना माणसांनी जागेवरून उठावे, फिरावे, एकमेकांच्या वाटेत यावे हे हवे होते.

सभासदत्वाच्या अटी साध्या होत्या. केंद्रापासून सुमारे एक मैलाच्या आत राहणारे कोणतेही कुटुंब सभासद होऊ शकत असे. म्हणजे मूल बाबागाडीत घालून आईला जेवढे अंतर सहज चालता येईल तेवढे. वर्गणी दर आठवड्यास सबंध कुटुंबामागे एक शिलिंग. मुलांना सर्व साधने विनामूल्य. प्रौढांनी काही कार्यक्रमांसाठी थोडे अधिक द्यावयाचे. त्या काळी लंडनमध्ये मुलांचे क्लब, मुलींचे क्लब, मातांच्या सभा, पुरुषांच्या संस्था पुष्कळ होत्या. १८८४ साली स्थापन झालेल्या टॉयन्बी हॉलपासून चालत आलेल्या सेवाकेंद्रांच्या परंपरेतही वय आणि लिंग ह्यांनुसार वर्ग पाडण्याचीच पद्धत होती. ह्या संस्था कितीही उपयुक्त असल्या तरी त्यांचा एक परिणाम अटळ होता : संध्याकाळी कुटुंबातील चार माणसे चार दिशांना जात. पेकहॅम येथे चौघांना एकाच दाराने आत यावे लागे. आत गेल्यावर ती वेगळी होत, पण एकमेकांच्या दृष्टीआड जात नसत. ‘कुटुंबासाठी करमणूक’ म्हणजे सर्वांनी मिळून एकच खेळ खेळणे अशी जी कल्पना अनेक योजनाकारांच्या मनात असते तिच्याशी ह्या अनुभवाचे फारसे साम्य नाही.

कुटुंबाचा प्रवेश बहुधा एखाद्याच व्यक्तीच्या ओढीने होई. पुष्कळदा मुलांना तलावाचे आकर्षण असे आणि त्यांच्या हट्टामुळे वडीलधारी माणसे येत. दुपारी केंद्र उघडले की मातांना तान्ही मुले शिशुगृहात ठेवून दोनतीन तास मोकळे मिळत. ही मोकळीक प्रथम कशी वापरावी हे अनेकींना सुचत नसे. काहीजणी नुसत्या बसून राहत. ह्या बसून राहण्यास केंद्रातील कोणी हरकत घेत नसे, आणि त्यांना एखाद्या वर्गात नेऊन बसवीत नसे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. शाळा सुटल्यावर मोठी मुले येत. संध्याकाळी कामावरून सुटून पुरुष येत. रात्री तान्ह्या मुलांना निजविण्याची सोय असल्यामुळे पती आणि पत्नी ह्या दोघांनाही संध्याकाळ एका ठिकाणी काढता येई. लहान मूल असलेल्या जोडप्याच्या दृष्टीने ही सोय तलावापेक्षाही मोठी होती असे म्हणण्यास हरकत नाही. त्यापूर्वी दोघांपैकी एकाने घरी राहावयाचे हा नियमच होता, आणि घरी राहणारे कोण हेही ठरलेलेच होते.

मुलांच्या बाबतीत जे घडले ते ह्या प्रयोगातील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण आहे. इमारत उघडली तेव्हा शाळा सुटताच मुलांचा लोंढा आत शिरे आणि जिन्यांवरून, दालनांतून धुमाकूळ घाली. मोडतोड होई, प्रौढ सभासद वैतागत. शिस्त लावा, देखरेख ठेवणारे नेमा, अशी मागणी कार्यकर्त्यांकडूनच येऊ लागली. विल्यमसन ह्यांनी ती मान्य केली नाही. केंद्रात अधिकार असा कोणाचा चालावयाचा असेल तर तो दुसऱ्या कोणी अधिकार गाजवू नये एवढ्यापुरताच चालेल, अशी त्यांची भूमिका होती. काही महिने हा गोंधळ सहन करण्यात आला. मग साधने मुलांच्या हाती येण्याचा मार्ग सोपा करण्यात आला. ज्या मुलास पोहावयाचे, चाकांचे बूट घालून फिरावयाचे किंवा व्यायामशाळेत जावयाचे असेल त्याने कार्यकर्त्याकडे जाऊन तशी चिठ्ठी मागावयाची. ते साधन मुलाच्या आवाक्यातले आहे असे दिसले की चिठ्ठी मिळे. ह्या चिठ्ठ्यांमुळे दोन गोष्टी साधल्या. प्रत्येक मुलाचा दररोज एका तरी परिचित प्रौढाशी क्षणभर संबंध येई. आणि कोणते मूल कशाकडे वळते, एखाद्या गोष्टीत किती दिवस रमते, ती सोडून कशाकडे जाते, ह्याची नोंद आपोआप होत राही. संशोधकाला अशी नोंद प्रश्नावलीने मिळविता आली नसती.

गोंधळ ओसरला. व्यायामशाळेत लहानमोठी मुले शिक्षकाशिवाय एकाच वेळी दोरांवर झोके घेत, घोड्यावरून उड्या मारीत, आणि तरीही एकमेकांवर आदळत नसत. प्रत्येक मूल इतरांच्या गतीचा अंदाज घेऊन आपली जागा शोधीत असे. बाह्य नियंत्रणाशिवाय सुव्यवस्था कशी निर्माण होते ह्याचा पुरावा म्हणून हे उदाहरण पुढे अराज्यवादी लेखकांनी वापरले. कॉलिन वॉर्ड ह्यांच्या १९७३ सालच्या ग्रंथात पेकहॅमचा निर्देश आहे. तथापि ह्या निष्कर्षाला एक मर्यादा घालावयास हवी. ही मुले अनोळखी समुदायातील नव्हती. त्यांच्या आया काचेपलीकडे बसलेल्या होत्या. त्या आज्ञा करीत नव्हत्या हे खरे, पण त्या दिसत होत्या, आणि मुले त्यांना दिसत होती. नियंत्रणाचा अभाव आणि परिचिताची उपस्थिती ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पेकहॅम येथे दोन्ही एकत्र होत्या, आणि त्यांपैकी कशामुळे काय झाले हे वेगळे काढता येत नाही.

प्रौढांच्या बाबतीतही शिक्षक, स्पर्धा आणि बक्षिसे ह्यांना फाटा देण्यात आला होता. एखाद्या गटाला शिकविणारा हवा असेल तर त्याने तो आपण शोधावा. ह्यामागील निरीक्षण असे की, निष्णात पोहणारा पाहून न पोहणाऱ्याला पाण्यात उतरावेसे वाटत नाही. उलट तो अधिकच मागे सरतो. परंतु आपल्यासारखीच स्थूल, आपल्याच वयाची, कालपर्यंत पाण्याला भिणारी शेजारीण उथळ पाण्यात हातपाय मारताना दिसली म्हणजे मनात निराळा विचार येतो. आपल्या शक्तीच्या किंचित पुढे असलेले उदाहरण माणसाला ओढते. चाळिशीतल्या कितीतरी गृहिणींनी आणि त्यांच्या पतींनी तेथे पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख चढविला. नृत्य, बॅडमिंटन, शिवणकाम, नाटके, बिलियर्ड्स ह्या सर्वांचा प्रसार असाच एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे होत गेला. क्रीडाशिक्षणाच्या दृष्टीने पाहता तेथील कौशल्याची पातळी बेताचीच राहिली असावी. ते उद्दिष्टही नव्हते.

आता कुटुंबाच्या अंतर्गत संबंधांकडे वळावयास हवे. पेकहॅमच्या वृत्तांतातील सर्वांत मोलाची निरीक्षणे ह्याच ठिकाणी सापडतात आणि ती आकड्यांत मांडलेली नाहीत. घरात मूल हे आईला सतत हाताशी असलेले, सांभाळावयाचे, दटावावयाचे मूल असते. केंद्रात तिला ते दुरून, काचेपलीकडे, दुसऱ्या मुलांमध्ये आणि दुसऱ्या मोठ्या माणसांशी बोलताना दिसे. जे मूल घरी भित्रे किंवा हट्टी वाटे ते येथे तसे नाही, हे तिच्या ध्यानात येई. मुलांनाही वडील निराळ्या रूपात दिसत : पाण्यात उतरण्यास कचरणारे, नाटकात छोटी भूमिका करणारे, दुसऱ्यांच्या विनोदाला हसणारे. वयात येणाऱ्या मुलीचे कोणाशी बोलणेचालणे आहे ह्याची आईबापांना चोरून चौकशी करावी लागत नसे. तो मुलगा व त्याचे आईबाप समोरच्या टेबलाशी चहा घेत असत. पती-पत्नींच्या संभाषणाला नवे विषय मिळाले. दिवसभर घरात कोंडलेल्या पत्नीपाशी सांगण्याजोगे काही नसते आणि म्हणून पती ऐकत नाही, हे दुष्टचक्र पिअर्स आणि क्रॉकर ह्यांनी सहानुभूतीने वर्णिले आहे. दुपारी केंद्रात काय पाहिले हे पत्नी संध्याकाळी सांगू लागली, आणि ती कोणाविषयी बोलते आहे हे पतीलाही ठाऊक होते. गृहजीवनाची जागा केंद्राने घेतली, असा आक्षेप अशा संस्थांवर नेहमी येतो. येथील अनुभव उलट दिशेचा आहे. घराचे क्षेत्र वाढले; जणू माजघराला ओसरी आणि ओसरीला अंगण मिळाले.

वैद्यकीय तपासणी ही ह्या जीवनातील एक नित्याची बाब होऊन गेली होती. कामगाराची रोजी बुडू नये म्हणून ती दुपारी व संध्याकाळी, पूर्वनियोजित वेळी केली जाई. तपासणीनंतर सबंध कुटुंबाला एकत्र बसवून काय आढळले ते सांगण्यात येई. उपचार केंद्रात केला जात नसे. त्यासाठी कुटुंबाने आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात जावयाचे. सल्लाही शक्यतो दिला जात नसे. माहिती द्यावी आणि निर्णय कुटुंबावर सोपवावा, असा दंडक होता. १,२०६ कुटुंबांतील ३,९११ व्यक्तींच्या तपासणीत कोणताही दोष नसलेल्या व्यक्ती शेकडा दहाहूनही कमी निघाल्या. स्त्रियांमध्ये लोहाची न्यूनता विशेष आढळली. दोष असणाऱ्यांपैकी फार मोठा भाग स्वतःला ठणठणीत समजत होता. शरीराने दोषाशी तडजोड करून घेतलेली होती आणि त्या तडजोडीलाच माणसे प्रकृती म्हणत होती. रोग, तडजोडीने आलेले स्वास्थ्य आणि खरे आरोग्य असे तीन वर्ग त्यावरून करण्यात आले. कुटुंबांच्या बाजूने मात्र ह्या तपासणीचा अर्थ काहीसा वेगळा होता. कोणीतरी आपली सर्वांची मिळून, सावकाश आणि दोष न देता विचारपूस करतो, हा त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातील पहिलाच प्रसंग होता. दवाखान्याच्या बाकावर तासन् तास बसण्याची ज्यांना सवय होती त्यांना ह्या शिष्टाचाराचे मोल अधिक कळले असणार.

संशोधकांच्या सिद्धांताविषयी येथे काहीसा परखड अभिप्राय देणे भाग आहे. विल्यमसन आणि पिअर्स स्वतःला जीवशास्त्रज्ञ म्हणवीत. कुटुंब हा एक जैविक घटक असून आरोग्य ही त्या घटकाची आणि परिसराची परस्परक्रिया आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्याला त्यांनी जी परिभाषा दिली ती पुढेपुढे इतकी दुर्बोध झाली की सहानुभूती असलेल्या वाचकांनाही ती पेलेनाशी झाली. केंद्रात येणाऱ्या कुटुंबांचे आरोग्य न येणाऱ्या कुटुंबांपेक्षा किती सुधारले ह्याची तुलना करण्यासाठी दुसरा गट त्यांनी ठेवलेला नव्हता. त्यामुळे वैद्यकीय दृष्ट्या त्यांचा दावा सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. परंतु समाजशास्त्राच्या अभ्यासकाने तेथेच थांबण्याचे कारण नाही. वसाहतीतील शेकडो कुटुंबे फावल्या वेळात परस्परांना आणि स्वतःलाही कशी ओळखू लागतात, ह्याचे इतके जवळून केलेले वर्णन अन्यत्र दुर्मिळ आहे. आणि त्या वर्णनाचे मूल्य जैविक घटकाच्या सिद्धांतावर अवलंबून नाही.

वर्णनातून कोण वगळले गेले हेही पाहावयास हवे. सभासदत्व कुटुंबाचे असल्यामुळे एकटा राहणारा प्रौढ पुरुष किंवा स्त्री ह्यांना दार बंद होते. एकाकीपणावर उपाय म्हणून निघालेल्या संस्थेत खरोखर एकाकी असलेल्यांना स्थान नव्हते. जेन लुइस आणि बार्बरा ब्रुक्स ह्या इतिहासकारांनी १९८३ साली केलेल्या पुनर्मूल्यमापनात संस्थापकांच्या कुटुंबविषयक आणि विशेषतः मातृत्वविषयक कल्पनांची चिकित्सा केली आहे. स्त्रीची पूर्णता गृहिणी आणि माता ह्या भूमिकांत असते हे केंद्राने गृहीत धरले होते, ह्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. शिवाय केंद्राची सामाजिक बाजू वर्गणीवर स्वावलंबी होण्यासाठी २,००० कुटुंबांची आवश्यकता होती. ती संख्या कधीच गाठली गेली नाही. मैलाच्या आत राहणाऱ्या पुष्कळांना तपासणीची अट नकोशी वाटली असेल, पुष्कळांना अशा सहवासाची गरजच वाटली नसेल. जी आली त्यांतील अनेकांना घर बदलल्यामुळे सोडून जावे लागले. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुण कुटुंबांचे तसे होणे स्वाभाविक होते.

१९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच केंद्र बंद झाले. काचेची ती इमारत बाँबहल्ल्याच्या काळात कुटुंबे जमविण्यास योग्य नव्हती. युद्धकाळात तिचा उपयोग युद्धसामग्रीच्या कारखान्यासाठी झाला. युद्ध संपल्यावर केंद्र पुन्हा उघडावे ह्यासाठी जुन्या सभासदांनी पुढाकार घेतला आणि ते उघडलेही. परंतु दरम्यान काळ बदलला होता. ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि तिच्या चौकटीत हे केंद्र कोठेच बसेना. ते रोगावर उपचार करीत नव्हते; व्यक्तीऐवजी कुटुंबास सभासद करीत होते; सर्वांना खुले नसून एका परिसरापुरते मर्यादित होते; विनामूल्य नसून वर्गणी घेत होते; आणि त्याचा कारभार स्वायत्त होता. ह्यांतील प्रत्येक कारण नव्या सार्वत्रिक व्यवस्थेच्या दृष्टीने रास्तच होते. दुर्दैव एवढेच की, ज्या गोष्टींमुळे कुटुंबांचा अनुभव घडला त्याच ह्या पाच गोष्टी होत्या. परिसर मर्यादित नसता तर केंद्रात भेटलेली माणसे रस्त्यात पुन्हा भेटली नसती. वर्गणी नसती तर ‘आमचे केंद्र’ हा शब्दप्रयोग कितपत रूढ झाला असता ह्याची शंका आहे. ते टिकविण्याचे सभासदांचे प्रयत्न निष्फळ होऊन १९५० साली केंद्र बंद पडले. इमारत लंडन काउंटी कौन्सिलकडे गेली आणि कालांतराने तिचे निवासी सदनिकांत रूपांतर झाले. १९९९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘हेल्दी लिव्हिंग सेंटर’ ह्या नावाने परिसरनिष्ठ केंद्रांची योजना निघाली तेव्हा पेकहॅमचे स्मरण पुन्हा करण्यात आले.

सभासद-कुटुंबांचे स्वतःचे म्हणणे आज दोन मार्गांनी उपलब्ध आहे, आणि ते वापरताना दोहोंमधील भेद ध्यानी ठेवणे आवश्यक आहे. पहिला मार्ग १९४३ च्या वृत्तांताचा. तेथे कुटुंबे बोलतात ती संशोधकांच्या लेखणीतून. निवड आणि मांडणी त्यांची आहे. दुसरा मार्ग ॲलिसन स्टॅलिब्रास ह्यांच्या १९८९ सालच्या ग्रंथाचा. तरुणपणी केंद्रात काम केलेल्या ह्या लेखिकेने जुन्या सभासदांच्या आठवणी एकत्र केल्या. पन्नास वर्षांनंतर सांगितलेल्या ह्या आठवणींत आत्मविश्वास, मोकळेपणा आणि जन्मभर टिकलेल्या मैत्री ह्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. ह्या साक्षीचे वजन मोठे आहे. पण ज्यांना केंद्र आवडले नाही, जे दोन महिन्यांत सोडून गेले, त्यांना कोणी शोधले नाही; आणि १९८० नंतर बोलू शकणारे सभासद बहुतांशी १९३५ च्या सुमारास मुले किंवा तरुण असलेले होते. दुपारच्या वेळी शिशुगृहात बाळ ठेवून उपाहारगृहाच्या काचेशी बसलेल्या, सुरुवातीला काहीच न करणाऱ्या त्या मातांची साक्ष मात्र जवळजवळ सर्वस्वी पिअर्स आणि क्रॉकर ह्यांच्याच शब्दांत उरली आहे. केंद्राने ज्यांच्या जीवनात सर्वांत मोठा फरक घडवून आणला असे म्हटले जाते त्या ह्याच होत.